मोठा पियानिस्ट, मागे ऑर्केस्ट्रा आणि मध्ये आपलं पोरगं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी तरुण वादकांनी एखाद्या मुरलेल्या पियानिस्टबरोबर आणि पूर्ण ऑर्केस्ट्राबरोबर स्टेजवर वाजवणं यावर अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा कॉलम पूर्ण त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण बरेचसे प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्यालाही चालेल.

प्रश्न: ताई, माझी मुलगी १५ वर्षांची आहे, चेलो वाजवते. या सुट्टीतल्या कॅम्पमध्ये बीथोव्हेनच्या ट्रिपल कॉन्चर्टोचा पहिला भाग बसवणार आहेत. व्हायोलिन आणि चेलोवर मुलं, पियानोवर मात्र बाहेरून येणारे एक ज्येष्ठ पियानिस्ट, आणि मागे ऑर्केस्ट्रा. मुलगी आधी खूश होती, आता रडकुंडीला आलीये, म्हणते चेलोचा पार्टच सगळ्यात अवघड आहे आणि सरांसमोर माझी फजिती होणार. हे खरंच इतकं अवघड आहे का? नाही म्हणून कळवावं का? (एक आई, ठाणे)

नाही म्हणून अजिबात कळवू नका. पण तुमची मुलगी म्हणतेय ते शंभर टक्के खरं आहे, तिला "काही अवघड नसतं गं" असं सांगून गप्प बसवू नका, तिला वाटेल आईला काही कळतच नाही आणि मग ती तुम्हाला पुढचं काही सांगणारच नाही.

कॉन्चर्टो म्हणजे सोलो वादक आणि ऑर्केस्ट्रा यांनी मिळून वाजवायची रचना. बीथोव्हेनने हा कॉन्चर्टो १८०४ च्या आसपास लिहिला, व्हायोलिन, चेलो आणि पियानो असे तीन सोलो वादक आणि ऑर्केस्ट्रा, पूर्ण वाजवला तर साधारण ३५ मिनिटं. त्यातला पियानोचा भाग बीथोव्हेनच्या बाकीच्या कॉन्चर्टोंच्या मानाने सोपा आहे, हे कुठलाही पियानिस्ट मान्य करेल. गंमत म्हणजे तो भाग त्याने आपल्या तरुण शिष्यासाठी, आर्चड्यूक रुडॉल्फसाठी लिहिला अशी गोष्ट पूर्वीपासून सांगतात, पुरावा काही फार भक्कम नाहीये, पण ती खरी धरली तर त्या वेळी पोरगं पियानोवर होतं आणि मुरलेले लोक व्हायोलिन-चेलोवर, तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय.

चेलोचं म्हणाल तर तिन्ही भागांमध्ये सोलोची सुरुवात चेलोच करतो. पहिल्या भागात ऑर्केस्ट्राचं लांबलचक वाजवून झालं की चेलो अगदी हळू आवाजात मुख्य धून घेऊन येतो, मग व्हायोलिन, मग पियानो. आणि चेलोचा बराचसा भाग ए तारेवर, म्हणजे चेलोच्या सगळ्यात उंच सुराच्या तारेवर, खूप वर, थंब पोझिशनमध्ये (अंगठाही तारेवर टेकवून) आहे, जिथे बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे, मोठमोठ्या चेलोवादकांनासुद्धा त्या पहिल्या एंट्रीला धाकधूक होते.

आता तिला काय सांगायचं. पहिलं, तिला स्वतःचा पार्ट घोकण्याआधी पियानोचा पार्ट वाचायला बसवा. म्हणजे पूर्ण स्कोअर (सगळ्यांचे पार्ट एकाखाली एक असलेली प्रत) घ्या, पियानोच्या ओळी रंगीत पेन्सिलीने खुणा करा, तो कुठे हिची धून उचलतो, कुठे हिच्या खाली नुसते तुकडे सोडतो, कुठे दोघं मिळून व्हायोलिनला साथ करतात. या कॉन्चर्टोत तिघंही एकमेकांशी बोलत असतात, मागे ऑर्केस्ट्रा असला तरी आत एक पियानो ट्रिओच आहे. मुलं इथेच अडकतात बघा, ती कॉन्चर्टो म्हणजे मी पुढे आणि बाकी सगळे मागे असं समजून तयारी करतात आणि पहिल्या रिहर्सलला लक्षात येतं की पंचवीस टक्के वेळ आपण साथ करायचीये, आणि साथ करायची सवयच नाही.

दुसरं, कॅम्पवाल्यांना विचारा की ऑर्केस्ट्राच्या आधी तिघांची वेगळी रिहर्सल आहे का. नसेल तर मागून घ्या, अगदी आग्रहाने. मुरलेला माणूस पियानोवर असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच मुलांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं, कारण तो वाट बघतो. हिला वरच्या सुरावर पोहोचायला क्षणभर जास्त लागला तर तो त्याचा पुढचा सूर तेवढाच थांबवतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे असंच ठरवलेलं होतं. आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसतो, स्वरसाथ देतो, गुरू मध्येच एक आवर्तन त्याला सोडतात आणि तो डगमगला की स्वतः अलगद उचलून घेतात, तेच होतं इथे, फक्त इथे सगळं आधी लिहिलेलं असतं आणि तरीही उचलून घेता येतं.

तिसरं म्हणजे जागा. बऱ्याचदा व्हायोलिन आणि चेलो पियानोच्या पुढे असतात, म्हणजे पियानिस्टचे हात हिला दिसणारच नाहीत. मग ऐकायचं काय? श्वास. चांगला पियानिस्ट वाक्य सुरू करायच्या आधी श्वास घेतो, ऐकू येईल असा, आणि तिनेही तसाच घ्यायचा. हे घरी करता येतं, आरशासमोर नाही तर कुणातरी दुसऱ्या वाजवणाऱ्याकडे पाठ करून.

आणि एक गोष्ट तिला नक्की सांगा. १९७९ साली बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर कारायान यांच्याबरोबर याच कॉन्चर्टोचं रेकॉर्डिंग झालं, व्हायोलिनवर होती आनं-सोफी मुटर, वय वर्षं १६, आणि चेलोवर यो-यो मा, तोही पंचविशीच्या आतला. मग ४० वर्षांनी, २०१९ मध्ये बर्लिनलाच तेच दोघं पुन्हा हाच कॉन्चर्टो घेऊन बसले, यावेळी पियानोवर डॅनियल बॅरनबॉइम, ऑर्केस्ट्राही तेच सांभाळत होते, आणि मागे वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्रा, जो बॅरनबॉइम आणि विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ मध्ये वायमारला इस्रायली आणि अरब तरुण वादकांना एकत्र बसवून सुरू केला. म्हणजे एकदा मुटर आणि मा ही पोरं होती, आणि नंतर ज्येष्ठ म्हणून ते तरुण ऑर्केस्ट्राच्या पुढे बसले. दोन्ही रेकॉर्डिंग तिला ऐकवा, पण आधी १९७९ चं.

प्रश्न: मी पुण्यात तबला शिकतो, वेस्टर्न क्लासिकल नुकतंच ऐकायला लागलोय. एका व्हिडिओत पियानिस्ट प्रेक्षकांकडे पाठ करून बसला होता, पियानोचं झाकणच काढलेलं, आणि कंडक्टर कुठेच नाही, तोच मध्ये मध्ये हात हलवत होता. मागचे वादक बरेचसे माझ्या वयाचे. हे कसं जमतं? सम कोण दाखवतं? (विद्यार्थी, पुणे)

प्रश्न मस्त आहे, आणि तू तबला शिकतोस म्हणून तुला हे पटकन कळेल.

मोझार्टच्या काळात हे असंच चालायचं. स्वतःचे पियानो कॉन्चर्टो तो स्वतः वाजवायचा आणि तिथे बसूनच ऑर्केस्ट्रा चालवायचा, काठी घेऊन वेगळा उभा राहणारा माणूस ही त्यानंतरची पद्धत. विसाव्या शतकात गेझा आंदाने साल्झबुर्गच्या ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टचे कॉन्चर्टो असे पियानोवरून चालवत रेकॉर्ड केले, मग बॅरनबॉइमने इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर, मग मरे पेराया, आणि आता मित्सुको उचिदा माहलर चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर करतात. झाकण काढतात कारण ते उघडं ठेवलं तर अर्धे वादक दिसणारच नाहीत, आणि पियानो असा फिरवतात की पियानिस्टचं तोंड वादकांकडे.

सम दाखवायचं काम खरं तर दोघांत वाटलेलं असतं. पियानिस्टचे हात मोकळे असतील तेव्हा तो, आणि हात कीबोर्डवर असतील तेव्हा पहिल्या व्हायोलिनचा लीडर, त्याला कॉन्सर्टमास्टर म्हणतात. तो व्हायोलिनचा गज (बो) उचलतो तेव्हा मागच्या सगळ्या तंतुवाद्यांना कळतं कधी यायचं. पण याच्यापलीकडे प्रत्येक वादकाला दुसऱ्याचा पार्ट कानात असावा लागतो, आणि म्हणूनच तरुण वादकांसाठी यासारखी शाळा नाही असं मला मनापासून वाटतं. कंडक्टर असला की त्याच्याकडे बघून निभावता येतं. तो नसला की ओबो काय म्हणतोय ते ऐकल्याशिवाय तुला पुढे जाताच येत नाही.

एक गणित सांगते, तुला आवडेल. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मागच्या रांगेतला हॉर्नवाला पियानोपासून १५ मीटर लांब असेल तर त्याचा सूर पुढे पोहोचायला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात, आणि तुझ्या द्रुत लयीत हे किती मोठं अंतर आहे हे तुला माहितीये. म्हणजे मागच्याने कानाला बरोबर वाटेल त्याच्या किंचित आधी वाजवायचं असतं. हे कुणी पुस्तकात शिकवत नाही, बसूनच येतं, मुरलेला पियानिस्ट रिहर्सलमध्ये नुसत्या भुवईने सांगतो "उशीर होतोय".

आणि तबलेवाला म्हणून तुला हेही माहीत असावं, झाकीर हुसेन यांनी तबला आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला पेशकार हा कॉन्चर्टो २०१५ मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर पहिल्यांदा झाला. शोधून ऐक, सम कोण कुणाला दाखवतंय याकडे लक्ष ठेवून.

प्रश्न: मुलगा १६ वर्षांचा, पियानोची आठवी ग्रेड झाली, आता त्याला ऑर्केस्ट्राबरोबर कॉन्चर्टो वाजवायचाय. नाशिकात ऑर्केस्ट्रा कुठून आणायचा? मुंबईला सारखं जाणं परवडत नाही. स्पर्धांना पाठवावं का? (वडील, नाशिक)

दादा, स्पर्धा नंतर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोझार्टनेच देऊन ठेवलंय.

१७८२-८३ च्या सुमाराला व्हिएन्नामध्ये त्याने तीन कॉन्चर्टो लिहिले, कोशेल नंबर (मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) ४१३, ४१४ आणि ४१५, आणि ते असे लिहिले की फुंकवाद्यं नसली तरी चालतील, दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो एवढ्यावर ते वाजवता येतात. त्याने स्वतःच तशी जाहिरात केली होती, विकले जावेत म्हणून. म्हणजे तुम्हाला चार माणसं हवीत. आता नाशिकमध्ये चांगली चार तंतुवाद्यं वाजवणारी माणसं मिळणं सोपं नाही हे मला माहितीये, व्हायोला वाजवणारा तर मुंबईतसुद्धा शोधावा लागतो, पण चार माणसांना एका शनिवार-रविवारी बोलावणं आणि साठ माणसांचा ऑर्केस्ट्रा मिळवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ए मेजरचा ४१४ घ्या, आठवी ग्रेड नीट झालेल्या मुलाला झेपतो, आणि संगीत म्हणून इतका सुंदर आहे की आयुष्यभर वाजवला तरी जुना होत नाही.

त्याच्या आधी, रोजच्या रियाजासाठी, दुसरा पियानो. जवळजवळ प्रत्येक कॉन्चर्टोची अशी प्रत मिळते ज्यात ऑर्केस्ट्राचा सगळा भाग दुसऱ्या पियानोसाठी उतरवलेला असतो, त्याच्या टीचरने तो वाजवायचा. दुसरा पियानो नसेल तर डिजिटल कीबोर्ड चालेल, आवाज तेवढा चांगला नसेल पण मुलाला थांबायचं कुठे आणि यायचं कुठे हे कळेल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं मी बघते, कॉन्चर्टो सोलो पीससारखा तोंडपाठ असतो, बोटं छान पळतात, आणि मी ऑर्केस्ट्राचा भाग वाजवायला घेतला की पहिल्या विश्रांतीतच मोजणं चुकतं, कारण घरी त्या विश्रांत्या कुणी मोजतच नाही, उडी मारून पुढे जातात. आठ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) गप्प बसणं हा कॉन्चर्टोचा भाग आहे, त्या आठ बारांत ऑर्केस्ट्रा काय वाजवतो हे मुलाला गाता आलं पाहिजे. हातात वाद्य नसताना, तोंडाने.

आणि त्याला साथ करायला लावा. व्हायोलिनवाली एखादी मुलगी असेल, गाणारं कुणी असेल, चर्चमध्ये क्वायर असेल, त्यांच्याबरोबर आठवड्यातून एकदा बसू दे. मार्था आर्गेरिच, १९६५ ची शोपां स्पर्धा जिंकलेली, जगातल्या सगळ्यात मोठ्या पियानिस्टपैकी एक, तिने एकटीने रिसायटल करणं कित्येक वर्षं जवळजवळ बंदच ठेवलं, तिला दुसऱ्यांबरोबरच वाजवायला आवडतं. लुगानोला २००२ ते २०१६ अशी सलग वर्षं तिच्या नावाचा महोत्सव व्हायचा, तिथे ती नुकत्याच पुढे येणाऱ्या तरुण वादकांना शेजारी बसवून वाजवायची, चेंबर म्युझिकही आणि ऑर्केस्ट्राबरोबर कॉन्चर्टोही. स्पर्धेने नाव होतं, हे मी नाकारत नाही. पण फायनलला पोहोचलेल्या मुलाला ऑर्केस्ट्राबरोबर जेमतेम एखादी रिहर्सल मिळते, आणि त्यात कोण टिकतो हे आधी किती जणांबरोबर बसून वाजवलंय यावर ठरतं.

प्रश्न: मी मडगावचा, लहानपणी पॅरिश स्कूलमध्ये सोल्फेज (लिहिलेले सूर बघून गाणं) शिकलो, वडील मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात होते. आता नातवंडांना व्हायोलिन लावलंय. आमच्या वेळी मोठ्यांच्या शेजारी बसून आपोआप शिकणं व्हायचं, आता तसं कुठे होतं का? (वाचक, गोवा)

काका, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. मुंबईत व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी काढली तेव्हा त्यात किती गोवेकर होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, आणि नंतर सिनेसंगीताचा सगळा डोलारा त्याच लोकांनी उचलला. ते सगळे चर्चच्या शाळेत शिकलेले, मोठ्या वादकाच्या स्टँडवर अर्धा कागद बघत.

आता. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांची स्वतःची म्युझिक अकॅडमी आहे, तिथे ऑर्केस्ट्रातलेच वादक मुलांना शिकवतात, म्हणजे टीचर आणि स्टेजवरचा माणूस एकच. तुमच्या जवळ म्हणाल तर पणजीला चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन आहे, ते ज्या मुलांना वाद्य परवडत नाही त्यांच्यासाठी काम करतात आणि मुलांना पहिल्यापासून एकत्र वाजवायला बसवतात. नातवंडांना घेऊन एकदा त्यांच्या कार्यक्रमाला जा.

बाहेर याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेत व्हरमाँटमधलं मार्लबरो. १९५१ मध्ये सुरू झालं, पियानिस्ट रुडॉल्फ सर्किन त्याच्या मुळाशी. उन्हाळ्यात कित्येक आठवडे तिथे ज्येष्ठ आणि तरुण एकाच ग्रुपमध्ये बसतात, कुणी कुणाचा क्लास घेत नाही, सगळे मिळून एक क्वार्टेट किंवा क्विंटेट (चौघांची किंवा पाच जणांची रचना) तालमीत घेतात आणि ते तयार झालं असं वाटलं तरच लोकांपुढे वाजवतात. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते, कुठल्या कार्यक्रमात काय वाजवायचं हे आधीपासून ठरलेलं नसतं. आपल्याकडे हॉल आधी बुक होतो, मग पोरं शोधतात, मग चार दिवसांत बसवतात. एखाद्या पॅरिशने ठरवलं की पियानोवर एक जुना जाणता माणूस, त्याच्याबरोबर आठ-दहा पोरं, दर रविवारी चर्चमधल्या मासनंतर (प्रार्थनेनंतर) दोन तास, कार्यक्रमाचं नाव काढायचं नाही, तर गोव्यात हे आजही होऊ शकतं. तुम्हीच का सुरू करत नाही? खरंच विचारतेय.

प्रश्न: पियानो असला की ऑर्केस्ट्रा पियानोच्या सुरावर का जुळवतात? नेहमी तर ओबो सूर देतो ना? (वाचक, कोल्हापूर)

कारण पियानो जागेवर बदलता येत नाही. ट्यूनर दुपारी येऊन ४४० किंवा ४४२ हर्ट्झवर लावून जातो, संध्याकाळी तो जिथे आहे तिथेच, मग कॉन्सर्टमास्टर पियानोवर ए हा सूर दाबतो, ओबो त्यावर येतो आणि बाकीचे त्यामागून. आपल्याकडे अजून एक भानगड आहे, पावसाळ्यातली दमट हवा आणि स्टेजवरचा एसी यात पियानो दोन तासांत सरकू शकतो, म्हणून मुलांच्या कार्यक्रमात एसी रिहर्सलच्या आधीपासून चालू ठेवा असं आयोजकांना सांगायला लाजू नका.

प्रश्न: आमची भाची ११ वर्षांची, टोरोंटोला असते, व्हायोलिनमध्ये सगळे तिला प्रॉडिजी म्हणतात. तिकडच्या एका ऑर्केस्ट्राबरोबर सोलोची संधी आलीये, एक नावाजलेले पियानिस्ट तिला पुढे आणतायत. तिची आई विचारतेय की शाळा काही काळ बंद करून घरी अभ्यास करावा का. (मावशी, डोंबिवली)

मावशी, तिच्या आईला योआखिमची गोष्ट सांगा. योसेफ योआखिम, पुढे १९ व्या शतकातला सगळ्यात आदराने बघितला गेलेला व्हायोलिनवादक, १२ वर्षांचा होता तेव्हा २७ मे १८४४ ला लंडनला फिलहार्मोनिक सोसायटीच्या कार्यक्रमात बीथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चर्टो वाजवला. कंडक्टर होता मेंडेल्सोन, स्वतः त्या काळातला पहिल्या रांगेतला पियानिस्ट. लहान मुलांना सोलो द्यायचा नाही असा सोसायटीचा नियम होता, मेंडेल्सोनने तो या पोरासाठी बाजूला ठेवायला लावला. आणि ते वादन गाजलं, तो कॉन्चर्टो तोपर्यंत फारसा कुणी वाजवत नव्हतं, त्या दिवसानंतर त्याचे दिवस फिरले.

पण हाच मेंडेल्सोन, मुलगा लाइपझिगला आला तेव्हा घरच्यांना सांगत होता की याला व्हायोलिनबरोबर बाकीचं शिक्षणही नीट द्या. व्हायोलिनसाठी फर्डिनांड डेव्हिड, त्याच्या जोडीला इतर विषयांचे मास्तर, आणि मेंडेल्सोन स्वतः त्याच्याबरोबर पियानोवर बसायचा. त्या माणसाने पोराला स्टेज दिलं आणि पोरगंच राहू दिलं. तुमच्या भाचीला पुढे आणणारे पियानिस्ट तसे आहेत का हे कळायला एकच प्रश्न विचारा: कार्यक्रमानंतर तुम्ही तिच्याबरोबर पुन्हा कधी वाजवणार? त्यांच्याकडे याचं उत्तर असेल तर संधी जरूर घ्या. शाळा मात्र बंद करू नका, ११ व्या वर्षी तर अजिबातच नाही, मित्रमैत्रिणी तुटल्या की त्याची भरपाई कुठलाही ऑर्केस्ट्रा करत नाही.

प्रश्न: मुलाच्या कार्यक्रमात पहिला भाग संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या, सगळे वळून बघायला लागले. इतकं काय चुकलं? (बाबा, औरंगाबाद)

काही चुकलं नाही. आता दोन भागांच्या मध्ये गप्प बसायची पद्धत आहे, वादकांची एकाग्रता मोडू नये म्हणून ती पाळलेली बरी, पण ती काही कायमची नव्हती. १७७८ मध्ये पॅरिसला मोझार्टची सिंफनी झाली तेव्हा लोकांनी पहिला भाग चालू असतानाच, मध्येच टाळ्या वाजवल्या, आणि मोझार्टने वडिलांना खुशीने पत्र लिहून कळवलं की ही जागा त्यांना आवडणार हे मला माहीतच होतं. पुढच्या वेळी कार्यक्रमपत्रिकेत भाग किती आहेत ते आधी बघून ठेवा, पियानिस्ट उठून उभा राहिला की मग मनसोक्त वाजवा, आणि तुमच्या मुलाबरोबर मागे बसलेल्या पोरांसाठीसुद्धा वाजवा.